बाकीचा कुठे आहे?

(दृश्य : कोपरखैरणे. सकाळ. सिडकोच्या बैठ्या घरांची रांग. एका खिडकीत ट्यूबलाइट चालू.)

आमच्या घराची बाहेरची खोली दहा बाय दहाची. एक दिवाण, एक शोकेस, आईची शिलाई मशीन आणि बाबांचं टेबल. या टेबलावर बाबा गेली पंचवीस वर्षं डीटीपीची कामं करतायत. क्लासच्या प्रश्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं आणि सगळ्यात जास्त लग्नपत्रिका. 'आमचे येथे श्री कृपेकरून' ही ओळ त्यांनी किती हजार वेळा टाइप केली असेल, देव जाणे.

टेबलाखाली लोखंडी कॅबिनेट असायचं. आमच्याकडे त्या अख्ख्या खोक्यालाच 'सीपीयू' म्हणतात. आई केर काढताना ते पायाने सरकवायची, बाबा आतून ओरडायचे, "अगं, चालू आहे ते!" त्या जागी फरशीवर गंजाचे चार ठिपके अजून आहेत.

(दृश्य : फरशीवरचे चार ठिपके. मग टेबलावरचा काळा, हातभरही नसलेला डबा.)

२०२१मध्ये सीपीयू गेला आणि हा मिनी पीसी आला. तळहातावर मावेल एवढा. आईने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "बाकीचा कुठे आहे?"

ही फिल्म त्या एका प्रश्नाची आहे.

जुन्या कॅबिनेटमध्ये जो मुख्य बोर्ड असायचा, त्या एटीएक्स बोर्डाचं माप १९९५मध्ये ठरलं : ३०.५ बाय २४.४ सेंटिमीटर. २००१मध्ये व्हीआयए कंपनीने मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला, १७ सेंटिमीटरचा चौरस. पुढे इंटेलच्या एनयूसी या छोट्या कॉम्प्युटरने तो साधारण १० बाय १०वर आणला. मेमरीची, म्हणजे रॅमची, पट्टीही निम्मी झाली. मोठ्या कॉम्प्युटरची पट्टी १३ सेंटिमीटरच्या थोडी वर, लॅपटॉपची पावणेसात. पुष्कळ मिनी पीसींत लॅपटॉपचीच बसते. तारा गेल्या, सीडीचा ड्राइव्ह गेला, हार्ड डिस्कच्या जागी च्युइंग गमच्या पट्टीएवढी एसएसडी आली. इथवर सगळा निव्वळ फायदा. कुणाचं काही अडलं नाही.

पण जुन्या खोक्यात सगळ्यात जास्त काय होतं, तर हवा. आणि त्या हवेला काम होतं.

(दृश्य : टेबलाखाली वायरींचा गुंता. अडॅप्टरवर धुळीचा थर.)

आधी आईच्या प्रश्नाचं सोपं उत्तर. बाकीचा इथे आहे, जमिनीवर. विटेसारखा हा अडॅप्टर पूर्वी कॅबिनेटच्या आत होता, पॉवर सप्लाय म्हणून. डबा लहान करायचा तर पहिली उचलबांगडी त्याची होते, कारण तो जागा खातो आणि स्वतःही तापतो. ॲपलचा पहिला मॅक मिनी २००५मध्ये आला, तेव्हा त्याचाही पॉवर सप्लाय बाहेरच होता. २०१०च्या मॉडेलमध्ये तो आत घेतला. २०२४मध्ये डबा १२.७ सेंटिमीटर चौरसावर आणला, तरी पॉवर सप्लाय आतच ठेवला. कारागिरी म्हणून मला त्याचं मनापासून कौतुक आहे.

तरीही आमच्या घरात मला अडॅप्टर बाहेरच हवा. पावसाळ्यात लाइट जाते, येते, पुन्हा जाते. त्या झटक्यांचा पहिला मार अडॅप्टर खातो. तो उडाला तर दुसरा आणून लावायचा, काम सुरू. आतला उडाला तर अख्खा डबा घेऊन ठाण्याची वाट धरायची.

(दृश्य : ट्रान्स-हार्बर लोकल. ऐरोलीनंतर खिडकीतून खाडी, खारफुटी. खांद्याला कापडी पिशवी.)

आणि ती वाट आम्ही धरलीच. मे महिना, लग्नसराई. दुसऱ्या दिवशी तीन पत्रिका छापायला जायच्या होत्या आणि संध्याकाळपासून डबा कुंथत होता. फाइल सेव्ह करायला मिनिट मिनिट लागत होतं. रात्री अकराला तो बंदच पडला. हात लावला तर चटका.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. जुना सीपीयू असता तर रिक्षा करावी लागली असती. हा डब्याच्या पिशवीत घालून बाबा सकाळच्या लोकलने निघाले, गर्दीत उभ्याने.

(दृश्य : ठाणे, स्टेशनजवळच्या गल्लीतलं दुरुस्तीचं दुकान. टेबललॅम्प, ब्रश, स्क्रूंची वाटी.)

दुरुस्ती करणारा मुलगा तिशीचा असेल. त्याने रबरी पाय उपटले, त्याखालचे चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि डबा बाबांकडे वळवला.

"काका, स्वयंपाकघर किती लांब आहे यापासून?"

"लांब कुठलं? पडदा आहे मध्ये."

(दृश्य : अगदी जवळून. पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक पात्या. त्यांवर करडा, चिकट थर.)

हे नीट पाहा. या पात्या एकमेकींपासून मिलिमीटरभर अंतरावर आहेत. त्यांच्यामधून हवा जायची आणि प्रोसेसरची, म्हणजे मुख्य चिपची, उष्णता घेऊन बाहेर पडायची. त्यांच्यावर बसलेली धूळ नुसती धूळ नाही. फोडणीचा तेलकट धूर, गणपतीतला धूप, रस्त्याची माती आणि खाडीकाठची दमट हवा, या सगळ्याचा मिळून नमदा झाला आहे. मुलाने तो चिमट्याने उचलला तेव्हा कापडाच्या तुकड्यासारखा अखंड निघाला.

कॅबिनेटमध्ये एवढी धूळ बसली असती तर फार बिघडलं नसतं. तिथे पंखा १२० मिलिमीटरचा असतो, पात्या रुंद, अंतर मोठं. छोट्या डब्यात ४० मिलिमीटरचा पंखा असेल, तर त्याचं तोंड मोठ्याच्या एक नवमांश. तेवढीच हवा ढकलायची तर त्याला कितीतरी वेगाने फिरावं लागतं. म्हणून मोठा पंखा घुमतो आणि छोटा किंचाळतो.

डेस्कटॉपचा साधा प्रोसेसर ६५ वॉटचा धरतात. जुन्या साठच्या बल्बला हात लावून पाहिलेल्या माणसाला ती उष्णता वेगळी सांगायला नको. मिनी पीसीत म्हणून पुष्कळदा ३५ वॉटचा किंवा लॅपटॉपचा प्रोसेसर घालतात. तोही तापला की आपला वेग स्वतःच कमी करतो. शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की जीव वाचवायला हळू चालतो, आणि तरीही भागलं नाही तर बंद पडतो. बाबांचा डबा संध्याकाळपासून तेच करत होता. शिवाय खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश आतली चिपही वर चढते. एसीच्या ऑफिसात चोवीस अंशांत जो डबा निवांत असतो, तो आमच्या मे महिन्यातल्या पत्र्याखाली पहिल्या दिवसापासून दहा-बारा पायऱ्या वर उभा असतो.

या उष्णतेशी मोठमोठे झगडले आहेत. २०००मध्ये ॲपलने जी४ क्यूब काढला. वीस सेंटिमीटरचा देखणा घन, आत पंखाच नाही, गरम हवा वरच्या जाळीतून आपोआप निघून जायची. जुलै २००१मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, पण ते मुख्यतः खप कमी म्हणून. २०१३चा मॅक प्रो तर गोल नळकांडं होता. मधोमध तिकोनी धातूचा गाभा, वर एकच पंखा, तीन बाजूंना तीन चिपा. पुढे बाजार एकाच मोठ्या, जास्त तापणाऱ्या ग्राफिक्स चिपकडे वळला आणि ती या नळकांड्यात बसेना. आपल्याच रचनेने उष्णतेच्या बाबतीत आपल्याला कोपऱ्यात गाठलं, अशी कबुली कंपनीने २०१७मध्ये दिली. २०१९मध्ये पुन्हा मोठा टॉवर आला. मला त्या कबुलीचं मोल वाटतं. एवढं स्पष्ट कुणी सहसा बोलत नाही.

(दृश्य : डब्याची मागची बाजू. यूएसबीच्या भोकात छोटं डोंगल.)

भोकांचं थोडक्यात. बाबांच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला लॉक लागतं, म्हणजे हे डोंगल. एक भोक त्यात कायमचं जातं. मग माउस, कीबोर्ड, प्रिंटर, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह. भोकं संपतात, हब येतो, टेबलावर आणखी एक वायर. २०२४च्या मॅक मिनीवर तर जुन्या चौकोनी यूएसबीचं एकही भोक नाही आणि सुरू करायचं बटण तळाशी आहे.

(दृश्य : पुन्हा दुकान. मुलगा उघड्या बोर्डावर बोट ठेवतो.)

साफसफाई झाली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, डबा सुरू झाला. बाबा खूश. म्हणाले, "आता उघडलाच आहेस तर रॅम सोळा जीबी करून दे."

मुलाने बोट ठेवलं. "काका, ही बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. वाढत नाही."

"म्हणजे नवीन बोर्ड?"

"म्हणजे नवीन डबाच घ्या."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. जुन्या कॅबिनेटमध्ये त्यांनी स्वतः तीनदा रॅम वाढवली होती, स्क्रू ड्रायव्हर घेऊन, आईचा पाट खाली घालून. तो कॉम्प्युटर अकरा वर्षं चालला तो त्यामुळेच.

सोल्डर करण्यामागे कारण नाही असं नव्हे. मेमरी प्रोसेसरला जितकी खेटून, तितका विजेचा प्रवास कमी, वेग जास्त, खर्च कमी. कमी विजेवर चालणारी मेमरी बरीच वर्षं सोल्डर करूनच बसवावी लागत होती. पण वाट निघाली आहे. डिसेंबर २०२३मध्ये जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने सीएएमएम२ हे मानक प्रसिद्ध केलं. त्यात हीच मेमरी आडव्या चकतीसारखी स्क्रूने बसते आणि निघते. तीन-चार मिलिमीटर जाडी वाढली तर वाढू दे. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीतही तेवढी जागा आहे.

लहान डबा मला नको असं मी म्हणणार नाही. त्याने आईला पाय पसरायला जागा दिली. तो मोकळा असताना दहा वॉटच्या आसपास घेतो, त्यामुळे जुन्याच यूपीएसवर बाबांना फाइल सेव्ह करून वर फोन करण्याइतका वेळ मिळतो. पण बनवणाऱ्यांनी माप ठरवताना ठाण्यातल्या त्या टेबलावर एक दुपार बसायला हवं.

(दृश्य : कोपरखैरणे, रात्र.)

तीन पत्रिका दुपारी छापायला गेल्या. आता डबा जुन्या जागी नाही, पडद्यापासून लांबच्या भिंतीला आहे. त्याच्या चार पायांखाली आईने औषधाच्या बाटल्यांची चार बुचं ठेवली आहेत, खालून हवा जावी म्हणून. बाबा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रंगकामाचा कोरडा ब्रश घेऊन बसतात. त्या चार स्क्रूंसाठी त्यांनी कुंकवाची रिकामी डबी ठेवली आहे.