पिंपरीत ठेवलेलं एक नाव

मंडळी, पहिली सर पडली की पर्वतीवर मातीचा जो वास सुटतो, त्यात स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूंचा मोठा वाटा असतो. त्यांनी बनवलेल्या जिओस्मिनचा तो वास. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध मिळालं तेही यांच्याच एका भाऊबंदाकडून. मग औषध कंपन्या जगभरची माती चाळायला लागल्या. जरा वेगळा रंग दिसला की नवी जात, नवं नाव! बारशांचा नुसता सुकाळ. हा गोंधळ निस्तरायला १९६४ नंतर चारशेहून जास्त जिवाणू एकाच प्रकारच्या माध्यमांवर वाढवून पुन्हा तपासावे लागले. बीजाणू गुळगुळीत की काटेरी, इथपर्यंत.

आपल्या पिंपरीचंही एक बारसं यात आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार काम करत होते. बुरशीवरचं औषध हॅमायसिन शोधणारे ते हेच. त्यातलं 'हॅ' कंपनीच्या नावावरून आलंय. त्यांना काही जिवाणूंच्या तंतूंवर बारीक, टणक गाठी दिसल्या. १९५५ साली त्यांनी या गाठीवाल्यांचं वेगळं कुळ मांडलं आणि पेनिसिलिनवाल्या चेन यांच्यावरून नाव दिलं 'चेनिया'.

पुढे कोणी पेशीभित्तिका फोडून रसायनं तपासली. तिच्यात डायअमिनोपिमेलिक आम्ल असतं. स्ट्रेप्टोमायसीसमध्ये त्याचं 'एलएल' रूप सापडतं, तेच चेनियातही निघालं. बाकीचे गुणही जुळले. गाठी म्हणजे नुसता वरचा साज. १९८६ साली चेनिया स्ट्रेप्टोमायसीसमध्ये विलीन झालं. पुणेकर म्हणून मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू. पण निकाल बरोबर होता.

गंमत म्हणजे त्याच वर्षी एक बिऱ्हाड उलट्या दिशेने हललं. क्षयावरच्या रिफाम्पिसिनचं मूळ असलेलं रिफामायसिन बनवणारा जिवाणू दक्षिण फ्रान्सच्या मातीतला. आधी त्याला स्ट्रेप्टोमायसीस म्हटलं. भित्तिकेत आम्लाचं 'मेसो' रूप आणि अरॅबिनोज, गॅलॅक्टोज या साखरा निघाल्या, तेव्हा १९६९ साली त्याला नोकार्डियात टाकलं. पण नोकार्डियाची खूण असलेली मायकोलिक आम्लं त्याच्यात नव्हतीच! शेवटी त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी अमायकोलॅटॉप्सिस हे नवं कुळ केलं. नावातच 'मायकोलिक नसलेला' अशी नोंद आहे. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक बनवणारा जिवाणूही आता तिथेच नांदतो. हा वाद नुसता कागदी नव्हता. स्ट्रेप्टोमायसीससाठी बनवलेली जनुकीय साधनं या घरात सहजासहजी चालत नाहीत.

मग डीएनए आला. २००२ साली स्ट्रेप्टोमायसीस सिलिकलर ए३(२) या वाणाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला, जवळपास ८७ लाख अक्षरांचा. नात्याने हा वाण खरं तर व्हायोलॅसिओरूबर जातीचा. पण प्रयोगशाळांमध्ये अजून सगळे त्याला सिलिकलरच म्हणतात. आपल्याकडे पाटीवर लोकमान्य टिळक चौक असतो आणि रिक्षावाल्याला आपण सांगतो, "अलका टॉकीज."