बाबा बोटीवर गेलेत

श्रोतेहो, नमस्कार. घरातलं माणूस तुरुंगात गेलं की पोरांना काय सांगायचं? चारचौघांत हे कोणी विचारत नाही, म्हणून आज मी विचारते.

दापोली तालुक्यातल्या एका बंदरगावातली ही गोष्ट. मुलगा सात वर्षांचा. वडील मारामारीच्या प्रकरणात अडकले आणि कच्चे कैदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच, रत्नागिरीच्या कारागृहात गेले. आजीने नातवाला सांगितलं, "बाबा मोठ्या ट्रॉलरवर गेलेत, लांब." फेब्रुवारी गेला, मार्च गेला, शिमगासुद्धा झाला. पोरगं गप्प होतं.

मग जून आला. १ जूनपासून मासेमारी बंद, हे तुम्हाला काय सांगायचं! एकेक बोट वर ओढली, नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालून शाकारली. गावातले खलाशी घरी परतले. हा रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन बोटी मोजायचा. आठवडाभर मोजल्या. मग आजीला म्हणाला, "आजी, सगळ्या बोटी आल्या. बाबांची बुडाली ना?"

ऐकलंत? तुरुंग लपवला, आणि पोराने मनात बाप बुडवला.

त्या रात्री आईने त्याला जवळ घेऊन खरं सांगितलं. पुढच्या आठवड्यात पहाटेची एसटी धरून मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला नेलं. जाळीपलीकडून बापाने विचारलं, "होडी कोणी शाकारली रे?" पोरगं म्हणालं, "काकांनी. झाप मी दिले." बापाला पुढे बोलवेना.

आणि हो, आपल्याकडे बातमीत आरोपीच्या वाडीचं नाव का छापतात? वाडीत घरं असतात वीस. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या घरच्या पोराशेजारी कोणी बसत नाही. मला हे अजिबात पटत नाही. गुन्हा अजून सिद्ध व्हायचा असतो, आणि आपल्या देशात चार कैद्यांतले जवळपास तीन कच्चेच असतात.

आता कामाचं. कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ चा कायदाच आहे तसा, त्याला उत्पन्नाची अट नाही. वकिलापायी होडी विकू नका, दागिने गहाण टाकू नका. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. फोन १५१००. पुन्हा सांगते, एक-पाच-एक-शून्य-शून्य. मुलाच्या शिक्षणासाठी महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा. आणि आईच तुरुंगात असेल, तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याजवळ राहू शकतं.

परवा तो मुलगा भेटला. वर्गात कोणी विचारलं तर काय सांगतोस, म्हटलं. म्हणाला, "बाबा रत्नागिरीला आहेत. आम्ही भेटायला जातो."