आठवड्याचे दोन तास

स्वीडनच्या नैऋत्य किनाऱ्यावर, समोर डेन्मार्कचा काठ दिसतो अशा हेलसिंगबोर्ग शहरात ही इमारत उभी आहे. पूर्वी येथे केवळ वृद्धांचे निवासस्थान होते. आता तिचे नाव ‘सेल्बो’ आहे. स्वीडिश भाषेतील ‘सेल्स्काप’ म्हणजे सोबत आणि ‘बो’ म्हणजे राहणे, या दोन शब्दांतून ते तयार झाले.

2019 च्या अखेरीस शहराच्या गृहनिर्माण कंपनीने येथील 51 घरे भाड्याने दिली. त्यांतील निम्म्याहून अधिक सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणि उरलेली 18 ते 25 वर्षांच्या तरुणांसाठी होती. या तरुणांपैकी काही जण आई-वडिलांविना, एकट्याने आश्रय मागत स्वीडनमध्ये आलेले होते. एकट्या 2015 या वर्षात अशी 35 हजारांहून अधिक मुले या देशात पोहोचली. ती सज्ञान झाली, तेव्हा त्यांच्यापाशी ना घर होते, ना ओळखीचे शेजारी. दुसरीकडे, आयुष्यभर याच देशात राहिलेल्या अनेक वृद्धांच्या दारावरची घंटाही दिवसेंदिवस वाजत नव्हती.

भाडेकरूंची निवड मुलाखती घेऊन झाली आणि भाडेकरारात एक अट घातली गेली: प्रत्येकाने आठवड्यातून किमान दोन तास शेजाऱ्यांच्या सहवासात घालवावेत. ही अट पहिल्यांदा ऐकताना खटकते, कारण मैत्री कोणाच्या सहीने होत नाही. परंतु नीट पाहिले, तर हा करार कोणाशी मैत्री करावी हे सांगतच नाही. तो फक्त दार उघडून बाहेर यायला लावतो. प्रत्येक घराला स्वतंत्र स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असल्यामुळे मनात आणले तर कोणीही महिनोन्महिने शेजाऱ्याचे तोंड न पाहता येथे राहू शकेल, आणि म्हणूनच ही अट मला आवश्यक वाटते.

बाहेर आल्यावर बसायला जागाही हवी. त्यासाठी सामाईक स्वयंपाकघरे, वाचनालय आणि व्यायामाची खोली ठेवली आहे. तेथे फोनमधील अडचण घेऊन आजोबा तरुणाकडे येतात, तर नव्या भाषेत अडखळणाऱ्या तरुणाला बोलण्याचा सराव रोजच्या गप्पांतून मिळतो. पन्नास वर्षांचे अंतर असलेली ही माणसे एकाच टेबलाशी कॉफी घेतात. प्रयोग म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था पुढेही चालू राहिली, आणि करारातील दोन तासांपेक्षा कितीतरी अधिक वेळ आपण एकमेकांसोबत घालवतो, असे येथील रहिवासी सांगत आले आहेत.