सहावी बुडी

श्रोतेहो, नमस्कार.

“आधी मला कळू दे, मग करतो.” हे वाक्य घरातल्या लहान पोराला आपण चालू देत नाही. औषधाचा चमचा पुढे आला की तोंड उघडायचं, बस. देवापुढे मात्र हेच वाक्य आपण मोठी माणसं बिनदिक्कत बोलतो.

बायबलातल्या अब्राहामानं असं म्हटलं नाही. पंचाहत्तरीत घर सोडलं, आणि कुठं जायचंय ते ठाऊक नव्हतं. मासे धरणाऱ्या पेत्रानंही, रात्रभर हाती काही लागलं नसताना, प्रभू येशूच्या शब्दावर जाळी पुन्हा पाण्यात सोडली. पण मला आज सांगायचीय ती नामानाची गोष्ट. बायबलातलं ‘दुसरे राजे’ हे पुस्तक, अध्याय ५. ठाऊक असली तरी ऐका, मला ती सांगायला फार आवडते.

नामान हा अरामाच्या राजाचा सेनापती. मोठा शूर, पण अंगावर कोड. त्याच्या घरी इस्राएलातून धरून आणलेली एक लहान मुलगी बायकोच्या हाताखाली कामाला होती. ती म्हणाली, आमच्याकडे शोमरोनात संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा माणूस आहे, तो धन्याला बरं करील. हा संदेष्टा म्हणजे अलीशा. या मुलीचं नाव शास्त्रात नाही. आपण सेनापतींची नावं पाठ करतो आणि गोष्ट मात्र अशाच बिननावाच्या माणसांमुळे पुढे सरकते. असो.

नामान निघाला. सोबत १० किक्कार चांदी, म्हणजे तीनशे किलोच्या वर, ६,००० शेकेल सोनं आणि १० पोशाख. घोडे, रथ, सगळा लवाजमा अलीशाच्या दारात उभा. आणि अलीशा? बाहेरसुद्धा आला नाही! निरोप्या पाठवला: यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. बस, एवढंच. का, कसं, काही नाही.

नामान भडकला. म्हणाला, मला वाटलं तो बाहेर येईल, उभा राहून देवाचं नाव घेईल, कोडावरून हात फिरवील. आणि आमच्या दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, अबाना, परपर या नद्या काय वाईट आहेत?

संडे स्कूलच्या चित्रांत यार्देन निळीशार असते. ती चित्रं मला कधीच पटली नाहीत. यार्देन अरुंद, नागमोडी आणि बऱ्याच ठिकाणी गढूळ. ती निळी रंगवली की नामानाचा राग कळतच नाही.

पुन्हा चाकरच पुढे झाले. म्हणाले, बाबा, संदेष्ट्यानं काही अवघड सांगितलं असतं तर तुम्ही केलं नसतं का? मग हे तर नुसतं अंघोळ करा म्हणतोय.

नामान पाण्यात उतरला. त्याला पटलं होतं, असं शास्त्र म्हणत नाही. उतरला, एवढंच म्हणतं. एक बुडी, दोन, तीन. सहाव्या बुडीनंतर अंगाकडे पाहिलं तेव्हा काय दिसलं असेल? शास्त्र गप्प आहे. मला वाटतं, कोड जसंच्या तसं. काठावर सगळा लवाजमा बघतोय, आणि सेनापती ओल्या कपड्यांत सातव्यांदा खाली जातोय. कळलं नव्हतं, तरी खाली गेला. सातव्यांदा वर आला तेव्हा कातडी लहान मुलासारखी.

आता एक गोष्ट बजावून सांगतो. देवाच्या नावानं कुणीही उठून हुकूम सोडला की मान डोलवायची, याला आज्ञापालन म्हणत नाहीत. बिरुया गावाचे लोक प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्र उघडून पडताळत होते. व्यासपीठावरून “प्रश्न विचारू नका” म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. प्रश्न विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत काठावर बसून राहू नका.

तर नामान अलीशाकडे परत आला. अलीशानं त्याचा नजराणा घेतला नाही. तेव्हा आपल्या नद्यांची फुशारकी मारणाऱ्या या माणसानं काय मागितलं? माती. त्या देशाची, दोन खेचरांवर मावेल इतकी माती, या देवाची उपासना करायला. आणि एक शंकाही विचारली: माझा राजा आमच्या रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याचं काय?

अलीशानं याही वेळी काही उलगडून सांगितलं नाही. म्हणाला, शांतीनं जा.

नमस्कार.