कवला: ओल्या बांधावरचं पिवळं फूल

श्रावण सरता सरता सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, कवला फुलतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर येणारे त्याला ‘मिकी माऊस’ म्हणतात. नखाएवढं पिवळंधमक फूल, वरच्या पाकळीच्या तळाशी दोन तांबडे ठिपके.

ही सातेरी मधमाशी बघा. खालच्या पाकळ्यांवर बसली. तिच्या भाराने नावेसारखा भाग दबला, आतले पुंकेसर वर आले आणि तिच्या पोटाला पराग लागला.

कवला एकाच पावसाळ्याचा. बी पडलं नाही, तर पुढच्या वर्षी रोप नाही. म्हणून लागवडीची सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बी धरण्यापासून. निदल, म्हणजे फुलाखालचं हिरवं आवरण, तपकिरी, करकरीत झालं की आत घडी घालून बसलेली शेंग सापडते. ती कागदी पिशवीत गोळा करा, सावलीत आठवडाभर वाळवा. बी आपल्या परिसरातल्या बांधावरून घ्या आणि निम्म्याहून जास्त झाडावरच ठेवा. कास जागतिक वारसा यादीत आहे; तिथून काहीही तोडायचं नाही.

बियांचं कवच टणक असतं. जूनमध्ये निम्मं बी पॉलिश पेपरवर हलकं घासा, रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेलं बी लवकर रुजतं. उरलेलं तसंच पेरा, ते मागाहून उगवेल. पहिल्या उगवणीनंतर पावसाने आठवडाभर दडी मारली तर सगळी रोपं एकदम जात नाहीत. पाव चमचा बी दहापट बारीक वाळूत मिसळून चौरस मीटरभर फेका आणि वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर माती. सोबत कवला उगवतो तिथली मूठभर माती टाका. मुळांवर गाठी धरणारे जिवाणू त्यातून येतात.

जागा भर उन्हाची, ओल टिकणारी. शेणखत, युरिया अजिबात नको. कवला डाळवर्गातला, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र त्याला मिळवून देतात. बाहेरून खत दिलं की गवत माजतं आणि कोवळी रोपं त्याखाली गुदमरतात. लागवड फसते ती बहुतेक इथेच. जुलैत दोनदा गवत हाताने उपटा, रोपांत वीतभर अंतर ठेवा. ऑगस्टमध्ये उघडीप पडली तर संध्याकाळी झारीने पाणी. कीटकनाशक कुठलंच नाही.

बाजारातल्या ‘रानफुलांच्या’ पाकिटात बहुधा पिवळा कॉसमॉस असतो. तो मूळचा मेक्सिकोचा, एकदा शिरला की माळ व्यापतो. तो इथे नको.

कोवळ्या कवल्याची भाजी करायची तर शेंडे जुलैअखेरपर्यंतच खुडा. त्यानंतर विळा लावायचा तो थेट डिसेंबरात, शेंगा झडल्यावर.