फायरवॉलच्या आतल्या भिंती

(महापे येथे लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा माल न्हावा-शेव्यावरून जातो-येतो. जून २०१७ चा शेवटचा आठवडा काहींना आठवत असेल. तिथल्या गेटवे टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले, कुठला कंटेनर कुणाचा तेच कळेना, कामं हातानं उरकायची वेळ आली. हे काम ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसचं. त्याचा रोख खरं तर युक्रेनवर होता. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो मर्स्क या जहाज कंपनीत शिरला, आणि गेटवे त्याच समूहातलं.

विंडोजमधल्या ज्या भोकातून तो पसरत होता, त्याचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. तरी पॅच केलेली मशीनंही गेली! कारण एका मशीनमध्ये शिरला की तो मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि त्याच पासवर्डनं शेजारच्या मशीनमध्ये जायचा. फायरवॉल म्हणजे बाहेरून येणारं अडवणारी भिंत, तिचा पहारा वेशीवर. आत अडवणारं कुणीच नाही.

रबाळे, पावणे, तुर्भे, कुठल्याही युनिटमध्ये गेलो की मी आधी विचारतो, सगळ्या मशीनच्या नेटवर्क-वायरी जिथे जोडतात तो स्विच कुठे आहे? बहुतेक ठिकाणी तो अकाउंट्सच्या केबिनमध्ये, कपाटावर धूळ खात असतो. त्या एकाच स्विचवर टॅलीचा सर्व्हर, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर, हजेरीचं मशीन, सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचा, विंडोज ७ वाला पीसी आणि पाहुण्यांना दिलेलं वायफाय. डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवला तोच, आणि मालकांना मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून तो इंटरनेटवर उघडा. तिथून टॅलीपर्यंत वाट मोकळी आहे. ही गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते, कारण ती टाळायला फार पैसा लागत नाही.

मॅनेज्ड स्विच, म्हणजे सेटिंग करता येणारा स्विच, घ्या आणि त्यावर व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे, पाडून घ्या. कॅमेरे वेगळे, पाहुणे वेगळे, शॉप फ्लोअर वेगळा. विंडोज ७ चे नेहमीचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. लाखांचं सीएनसी त्यासाठी कुणी भंगारात काढणार नाही, ते मी सांगणारही नाही. पण त्या पीसीला इंटरनेट देऊ नका. प्रत्येक मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा हवा. सर्व्हिसवाल्याला घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून तुमचा पीसी चालवायची सोय, इंटरनेटवर थेट उघडी ठेवू नका. व्हीपीएन, म्हणजे आत यायची कुलूपबंद वाट, द्या, वर ओटीपी ठेवा, काम झालं की बंद करा.

सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची सरकारी संस्था. तिच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायचा असतो आणि लॉग, म्हणजे नेटवर्कवर कोण कधी आलं-गेलं याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात. राउटरमध्ये लॉग चालू आहेत का, एवढं तरी बघून घ्या.

आता बॅकअप. डोमेन कंट्रोलर म्हणजे कुणाला कुठे प्रवेश आहे ते ठरवणारे सर्व्हर. मर्स्कचे असे सुमारे दीडशे एकमेकांच्या नकला ठेवत होते, त्यामुळे गेले तेही एकदमच. घानातला एक वाचला, कारण तिथली वीज गेल्यानं तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्याच्यावरून पुढची उभारणी झाली, ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसींची. तुमची बॅकअपची डिस्क रात्रंदिवस सर्व्हरला लावलेली असेल, तर सर्व्हरबरोबर तीही जाईल. दोन डिस्क ठेवा, आलटूनपालटून लावा. एक कायम कपाटात. आणि येत्या सुट्टीच्या दिवशी टॅलीचा बॅकअप एखाद्या कोऱ्या मशीनवर उतरवून बघा. शेवटचं व्हाउचर कुठल्या तारखेचं आलं आणि सगळ्याला किती तास लागले, ते लिहून ठेवा.