आधी वास, मग भाव

(मटन स्ट्रीट, पहाट. टॉर्चचे झोत.)

शुक्रवार. अजून उजाडलेलं नाही. चोर बाजारातली नेहमीची दुकानं आज बंद, रस्ता जुमा बाजाराचा. जुने नळ, घड्याळांचे सांगाडे, ग्रामोफोनचा कर्णा. आणि या बिस्किटांच्या डब्यात बघा: तळहाताएवढी रिळं.

थिएटरची फीत ३५ मिलिमीटर रुंद असायची. ही ८ मिलिमीटरची, करंगळीच्या नखाएवढी. घरातले दिवे मालवून, भिंतीला चादर लावून बघायचा सिनेमा.

(फितीचा क्लोजअप.)

घरगुती सिनेमासाठी फ्रान्सच्या पाथे कंपनीनं १९२२ साली साडेनऊ मिलिमीटरची फीत आणली. पुढच्याच वर्षी कोडॅकची १६ मिलिमीटर आली. पण ती महाग पडायची. मग १९३२ मध्ये, ऐन मंदीत, कोडॅकनं ८ मिलिमीटरचा मार्ग काढला. १६ मिलिमीटर रुंदीची २५ फूट फीत कॅमेऱ्यात घालायची. आधी एका अर्ध्या भागावर चित्रण, मग रीळ उलटं घालून दुसऱ्या अर्ध्यावर. धुतल्यावर मधोमध उभी चिरायची आणि दोन्ही पट्ट्या एकापुढे एक जोडायच्या. झाली ५० फूट! त्यात चार हजार चित्रं, म्हणजे चार मिनिटांचा सिनेमा.

(माळ्यावरची खोली. टेबल, दिवा, भिंग.)

बाजारातलं रीळ संग्राहकाच्या हाती जायच्या आधी या टेबलावर येतं. इथं बसतात त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांचे हात बघा. झाकण उघडलं की रीळ आधी नाकाशी.

सिरक्याचा वास आला, तर रीळ बाजूला. घरगुती फिती ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या. थिएटरच्या जुन्या नायट्रेट फितींसारख्या त्या भडकत नाहीत, पण उकाड्यात आणि दमट हवेत आतून सडतात. त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, आणि तेच सडणं आणखी वाढवतं. फीत आक्रसते, पिळवटते. शेजारच्या डब्यांनाही त्याची बाधा होते, म्हणून ही रिळं पलीकडच्या फळीवर. मुंबईच्या पावसाळ्यात ही फळी लवकर भरते.

वास नसेल तर पुढचं काम. फीत दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची, मधे बोट लागू द्यायचं नाही. मग कडेची भोकं बघायची, मशीनचे दात अडकतात ती. जुन्या ८ मिलिमीटर फितीची भोकं मोठी. १९६५ साली आलेल्या सुपर आठची, म्हणजे त्याच रुंदीच्या नव्या फितीची, लहान, त्यामुळे चित्राला जागा जास्त. चुकीच्या मशीनवर चढवली तर पहिल्या दोन फुटांतच भोकं फाटतात. म्हणून चाचा अनोळखी रीळ थेट प्रोजेक्टरवर कधीच लावत नाहीत. आधी हातानं फिरवायचं. अख्खं. मऊ कापडाच्या घडीतून फीत हळूहळू सरकवत. जुना जोड निसटला असेल तर तिथं नवा. सुरुवातीला कोरी पट्टी, म्हणजे ओढाताण तिनं सोसावी.

(भिंगातून: फितीची कड.)

आता कडेला बघा. ही बारीक गोल खूण. कोडॅक आपल्या फितींवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण छापायचं, आणि दर २० वर्षांनी त्याच खुणा परत यायच्या. एकटं वर्तुळ म्हणजे फीत १९३६ ची, १९५६ ची किंवा १९७६ ची. यातली कोणती? चाचा चित्राकडे बोट दाखवतात. मागून ट्राम जाते आहे. मुंबईतली शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४ ला. १९७६ बाद. आता रस्त्यावरच्या मोटारी बघायच्या.

(दोन पट्ट्या दिव्यासमोर, शेजारी शेजारी.)

डावीकडची छापील प्रत, परदेशी कार्टूनची. सगळी गुलाबी. निळा रंग उडाला की असंच होतं. उजवीकडे कुणाच्या तरी घरी टिपलेली कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फीत. साडीचा हिरवा अजून हिरवाच! अंधारात ठेवलेली कोडाक्रोम सहसा उडत नाही. ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती, तिनं २०१० च्या अखेरीस हे काम थांबवलं.

(रंगीत खोकी, एकावर एक.)

मागणी मात्र या खोक्यांना. चॅप्लिनचे विनोदपट, कार्टून, लांब चित्रपटांतून काढलेले दहा मिनिटांचे तुकडे. अमेरिकेत कॅसल फिल्म्सनं १९३७ पासून अशी रिळं घरी बघण्यासाठी विकली. व्हिडिओ कॅसेट येण्याआधी आवडता सिनेमा घरी ठेवायचा तर हाच मार्ग होता, म्हणून संग्राहक खोक्याच्या चित्रासकट जपतात. रीळ विकत घेतलं तरी सिनेमाचे हक्क मिळत नाहीत. घरी बघावं, तिकीट लावू नये.

निनावी घरगुती रिळांना गिऱ्हाईक कमी. काही कापून शोभेच्या दिव्यांत लावली जातात.

छापील कार्टूनच्या प्रती जगभर आहेत. घरगुती रीळ कॅमेऱ्यातून निघालं तेवढं एकच. त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. विकणाऱ्यांनो, हे रीळ कापू नका. ज्या डब्यात आलं, त्या डब्यासकट द्या. डब्यावर पेन्सिलीनं काही लिहिलं असेल तर ते पुसू नका. रीळ कुणाचं आहे याचा तेवढाच पुरावा असतो.

(चाचा चिठ्ठी लिहितात.)

"८ मिमी. रंगीत. ५० फूट. दोन जोड. वास नाही. ट्राम दिसते." भावाची जागा कोरी.

(प्रोजेक्टर सुरू. भिंतीवर उजेडाचा चौकोन.)

हे रीळ चार मिनिटांचं आहे. पूर्ण दाखवतो आहोत.